चार एक्क्यांना 25 की 400? व्हिडिओ पोकरच्या पे टेबलबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लास व्हेगासला तुम्ही एका यंत्रासमोर बसलात आणि पडद्यावर चार खेळ दिसले: जॅक्स ऑर बेटर, बोनस पोकर, डबल डबल बोनस आणि ड्यूसेस वाइल्ड. चार एक्के आले तर पहिल्या खेळात 25 पट, दुसऱ्यात 80, तिसऱ्यात 160, आणि पाचवं पान लहान असेल तर थेट 400. मग सगळे तिसराच खेळ का खेळत नाहीत? आणि दुसरा प्रश्न, पाच नाण्यांऐवजी एकच लावलं तर पैसे वाचतात का?

चारही तक्त्यांचे (पे टेबल, म्हणजे कोणत्या हाताला पैजेच्या किती पट मिळतात त्याची यादी) आकडे तुम्ही उतरवून पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त खेळाचं नाव सांगतात आणि विचारतात, ‘हा चांगला का?’ नुसत्या नावावर उत्तर देणं अशक्य असतं. एकाच नावाचा खेळ शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर वेगवेगळ्या भावाने विकला जातो.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की बरीच वर्षं मी जुगाराच्या यंत्रांचं गणित तपासायचं काम केलं. तक्त्यावर लिहिलेलं आणि यंत्र प्रत्यक्षात देतं ते जुळतं का, हे पाहणं हा माझा धंदा. स्वतःही खेळतो, 25 सेंटच्या यंत्रावर. त्यावर घर चालवत नाही, आणि चालवावं असा सल्लाही देत नाही.

तुमची अडचण मला अशी दिसते: तुम्ही तक्त्याची वरची ओळ वाचताय. डोळा तिथेच जावा म्हणून ती वर, मोठ्या अक्षरांत असते. खेळाचा भाव मात्र मधल्या नि खालच्या ओळींत दडलेला असतो. फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोडी), फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची), दोन जोड्या. या ओळी कंटाळवाण्या आहेत, म्हणून कात्री तिथे लागते.

पण तक्त्यावरून भाव कळतो तरी कसा? साध्या स्लॉट यंत्रात तो कळत नाही. तिथे चित्रांची चाकं फिरतात, पण कोणतं चित्र किती वेळा येणार हे बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि तुम्हाला दिसत नाही. व्हिडिओ पोकरची गोष्ट वेगळी. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या नियमांत असं आहे की यंत्रावर पत्ते दाखवले तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे. म्हणजे 52 पानं नीट पिसली, पाच वाटली, तुम्ही हवी ती ठेवलीत, बाकीची उरलेल्या 47 मधून बदलून मिळाली. 52 पानांतून पाच पानांचे 25,98,960 वेगवेगळे हात होतात आणि प्रत्येक हात खेळायच्या 32 पद्धती असतात. हे सगळं मोजता येतं. पानांच्या शक्यता ठरलेल्या आणि बक्षिसं तक्त्यावर लिहिलेली असल्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन (खरं तर आता संगणक घेऊन) शंभर डॉलरमागे सरासरी किती परत येतील ते काढता येतं. सगळ्या कॅसिनोत भावाची चिठ्ठी उघडी लावलेली असते असा हा जवळजवळ एकमेव यंत्रखेळ.

उदाहरणासाठी जॅक्स ऑर बेटर घेऊ, कारण बाकीचे बरेचसे खेळ त्याचेच पोटभेद आहेत. त्याच्या उत्तम तक्त्याला ‘नऊ-सहा’ म्हणतात: फुल हाऊसला 9, फ्लशला 6. बाकीच्या ओळी अशा: रॉयल फ्लश (एकाच चिन्हाची दहापासून एक्क्यापर्यंत) 800 (पाच नाणी लावल्यास), स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाची ओळीने पाच) 50, चार सारखी 25, स्ट्रेट (कुठल्याही चिन्हांची ओळीने पाच) 4, तीन सारखी 3, दोन जोड्या 2, आणि गुलाम किंवा वरची जोडी असेल तर 1. हा शेवटचा 1 म्हणजे नफा नव्हे. तुमचीच पैज परत. तक्त्यातले सगळे आकडे तुमची पैज धरून असतात, हे नव्या माणसाच्या बऱ्याचदा लक्षात येत नाही.

आता अचूक खेळलं तर काय किती वेळा येतं ते बघा. शंभरातले साडेचोपन्न हात रिकामे जातात. साडेएकवीस वेळा वरची जोडी, तेरा वेळा दोन जोड्या, साडेसात वेळा तीन सारखी. स्ट्रेट, फ्लश आणि फुल हाऊस हे तिघं प्रत्येकी साधारण 1.1 टक्का. चार सारखी 423 हातांतून एकदा. रॉयल फ्लश सुमारे 40,400 हातांतून एकदा. प्रत्येक ओळीची शक्यता गुणिले तिचं बक्षीस, आणि सगळ्यांची बेरीज: 99.54 टक्के. शंभर डॉलर फिरवले तर सरासरी 46 सेंट कॅसिनोचे.

या बेरजेत कोणाचा वाटा किती, ते पाहणं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. रॉयल फ्लश, ज्याच्यासाठी लोक रात्र रात्र बसतात, तो 99.54 पैकी जेमतेम 2 टक्के देतो. दोन जोड्या 25.9 टक्के देतात. तीन सारखी 22.3. वरची जोडी 21.5. सत्तर टक्के पैसा या तीन मुकाट ओळींतून परत येतो.

फुल हाऊस आणि फ्लश प्रत्येकी 1.1 टक्का वेळा येतात, म्हणून त्या ओळीतला एक आकडा कमी केला की परतावा साधारण 1.1 टक्का घटतो. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तरी जॅक्सचं कुठलंही यंत्र पाच सेकंदांत ओळखता येतं. नऊ-सहा 99.54. आठ-पाच 97.30. सात-पाच 96.15. सहा-पाच 95.00. नाव सगळ्यांवर तेच, पानांची चित्रं तीच, आवाज तोच.

पैशात सांगतो, म्हणजे टोचेल. 25 सेंटची पाच नाणी म्हणजे हातामागे सव्वा डॉलर. आरामात खेळणारा माणूस तासाला 600 हात खेळतो, म्हणजे 750 डॉलर फिरवतो. नऊ-सहावर सरासरी तोटा तासाला साडेतीन डॉलरच्या आत. आठ-पाचवर वीस डॉलर. सहा-पाचवर साडेसदतीस. दोन आकड्यांच्या फरकाने तोच तास दहापटीहून महाग होतो.

आणि हे सगळं माहीत असूनही मी एकदा फसलो आहे. एका कॅसिनोत नेहमीच्या रांगेतल्या माझ्या यंत्रावर कोणीतरी बसलं होतं, म्हणून शेजारच्यावर बसलो. पेटी तीच, पडदा तोच. तक्ता बघायची गरजच वाटली नाही. दोन तासांनी फुल हाऊस आला आणि 45 ऐवजी 40 क्रेडिट जमा झाले, तेव्हा मान वर करून पाहिलं. आठ-पाच. दुसऱ्यांचे तक्ते तपासून पगार घेणारा मी, स्वतःचा तक्ता न वाचता दोन तास खेळलो होतो. तेव्हापासून नियम केला: बसण्याआधी फुल हाऊसची ओळ, फ्लशची ओळ, दोन जोड्यांची ओळ. मगच पैसे आत.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ, म्हणजे 400 कुठून येतात.

बोनस पोकर हे जॅक्सचंच भावंड. दोन जोड्यांना तिथेही 2 मिळतात. चार एक्क्यांना 80, चार दुर्र्या, तिर्र्या किंवा चौक्यांना 40, बाकी चार सारख्यांना 25. याचा चांगला तक्ता आठ-पाच असतो आणि तो 99.17 टक्के देतो. गंमत बघा, आठ-पाच जॅक्स 97.30 देतो आणि आठ-पाच बोनस 99.17. बाकी सगळ्या ओळी सारख्याच असताना चार सारख्यांवर जास्तीचे पैसे. तेव्हा ही दोन्ही यंत्रं शेजारी असली तर जॅक्सवर बसायला काही कारणच उरत नाही. तरी लोक बसतात, कारण ‘जॅक्स चांगला असतो’ असं कुठेतरी ऐकलेलं असतं.

डबल बोनस आणि डबल डबल बोनसमध्ये हिशोबाची कूस बदलते. तिथे दोन जोड्यांना 2 ऐवजी 1. एका आकड्याचा फरक, पण दोन जोड्या शंभरात बारा-तेरा वेळा येतात. म्हणजे या एका ओळीतून बारा टक्क्यांहून जास्त काढून घेतले. ते पैसे चार सारख्यांच्या ओळीत टाकले. जॅक्समध्ये चार सारख्यांतून एकूण परताव्याचे सुमारे 6 टक्के येतात, डबल डबलमध्ये जवळपास 19. नऊ-सहा डबल डबल बोनसचा एकूण परतावा 98.98 टक्के आहे. म्हणजे हा खेळ वाईट नाही. पण तुम्हाला दिसणारे 400 हे कॅसिनोने खिशातून दिलेले नाहीत. तुमच्याच दोन जोड्यांतून रोज थोडे थोडे कापून ती भिशी जमवली आहे, आणि ती उघडते साधारण 16,000 हातांतून एकदा. तासाला 600 च्या वेगाने सव्वीस-सत्तावीस तास.

म्हणून ‘कोणता चांगला’ याचं उत्तर परतावा या एका आकड्यात संपत नाही. चढउतार किती झेपतात तेही बघावं लागतं. गणितात याला व्हेरियन्स म्हणतात. नऊ-सहा जॅक्सचा तो साधारण 19.5 आहे, डबल डबलचा 42, ट्रिपल डबल बोनसचा तर शंभराच्या घरात. 25 सेंटच्या यंत्रावर 600 हातांच्या तासात जॅक्सचा सरासरी तोटा साडेतीन डॉलर असला, तरी प्रत्यक्ष निकाल त्याच्या दोन्ही बाजूंना 135 डॉलरपर्यंत सहज हलतो. डबल डबलवर हेच झोके 200 डॉलरच्या आसपास जातात. दोनशे डॉलर घेऊन संध्याकाळ काढायची असेल तर जॅक्स किंवा बोनस तुम्हाला बराच वेळ बसू देतील. डबल डबल एखाद्या तासात उठवूही शकतो, किंवा त्या तासात मिरवायला गोष्ट देऊ शकतो. यातलं काय हवं ते ज्याचं त्याने ठरवावं. तिथे माझं गणित संपतं.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना पाहिलेत. तक्ता बदलला की पानं ठेवायची पद्धतही बदलते. परताव्याचे वरचे सगळे आकडे अचूक खेळलं तरच खरे. एका खेळाची सवय दुसऱ्यात नेली की ते खाली येतात.

एकच हात घेऊ: तीन एक्के आणि दोन राजे. तयार फुल हाऊस. जॅक्समध्ये ठेवा, 9 घ्या. समजा राजे टाकले आणि फक्त तीन एक्के ठेवले, तर 47 पानांतून दोन पानं येण्याच्या 1,081 जोड्या असतात. त्यातल्या 46 मध्ये चौथा एक्का आहे. त्यांचे 25 पट, काही फुल हाऊस, बाकी वेळा तीन सारख्यांचे 3, असं सगळं मिळून सरासरी 4.3. हातातले 9 सोडून 4.3 च्या मागे जाणं शुद्ध मूर्खपणा.

तोच हात डबल डबल बोनसमध्ये. त्या 46 पैकी 12 जोड्यांत चौथ्या एक्क्यासोबत 2, 3 किंवा 4 आहे, त्यांचे 400. उरलेल्या 34 जोड्यांना 160. सरासरी 12.7. इथे फुल हाऊस मोडायचा, डोळे मिटून. पहिल्यांदा असं करताना हात थरथरतो, मला ते आठवतंय.

आणि दहा-सात डबल बोनसमध्ये? फुल हाऊसला 10, चार एक्क्यांना 160. मोडल्यास सरासरी 10.1 आणि ठेवल्यास 10. मोडणं बरोबर, पण केसाच्या अंतराने. या तक्त्याचा परतावा अचूक खेळून 100.17 टक्के आहे, म्हणजे कागदावर खेळाडूच्या बाजूने. पण असे केसाएवढे निर्णय सतत बरोबर घेतले तरच. मी स्वतः चुका धरून बघितलं आहे, थकल्यावर माझा तो शंभराच्या वर राहत नाही.

दुसरं उदाहरण माझ्या आवडीचं आहे, कारण त्यात भले भले अडकतात. हातात तीन एक्के, एक दुर्री आणि एक सत्ती. डबल डबलमध्ये चार एक्के आणि लहान पान असेल तर 400, म्हणून दुर्री धरून ठेवावीशी वाटते. हिशोब करा. दुर्री ठेवली तर 47 पैकी एकच पान चौथा एक्का, सरासरी 11.8. फक्त तीन एक्के ठेवले तर दोन पानं बदलतात, चौथा एक्का यायची संधी दुप्पट होते, सरासरी 12.5. दुर्री टाका. पण ट्रिपल डबल बोनसमध्ये त्याच चार एक्क्यांना लहान पानासह 800 मिळतात आणि तीन सारख्यांना 2. तिथे दुर्री ठेवली तर 19.4, टाकली तर 15.7. दुर्री ठेवा. पानं तीच, खेळाच्या नावात एका शब्दाचा फरक, आणि बरोबर उत्तर उलटं.

ड्यूसेस वाइल्ड हा तर वेगळाच प्राणी. चारही दुर्र्या जोकर, म्हणजे हव्या त्या पानाची जागा घेणार. साहजिकच जिंकायची सुरुवात तीन सारख्यांपासून होते. एक्क्यांची जोडी आली तरी तिला काही मोल नाही, दोन जोड्यांनाही शून्य. दुर्री कधीही टाकायची नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. चार दुर्र्यांना 200, त्या साधारण पाच हजार हातांत एकदा येतात. हा मधला टप्पा असल्यामुळे हा खेळ मला डबल डबलपेक्षा सुसह्य वाटतो.

याच्या मूळ तक्त्याला ‘फुल पे’ म्हणतात: पाच सारखी 15, स्ट्रेट फ्लश 9, चार सारखी 5, फुल हाऊस 3, फ्लश 2, स्ट्रेट 2, तीन सारखी 1. अचूक खेळून 100.76 टक्के. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात चार सारखी 4, फुल हाऊस 4, फ्लश 3 आहे. वरवर बघता दोन ओळी वाढवल्या आणि एक कमी केली, म्हणजे तुमचा फायदाच. पण जोकर असल्यामुळे या खेळात चार सारखी शंभरात साडेसहा वेळा येतात, आणि फुल हाऊस-फ्लश जेमतेम दोन-दोन वेळा. साडेसहा काढून घेतले आणि चारच्या आसपास परत दिले. तुम्ही नव्या तक्त्याला साजेसं खेळून थोडं भरून काढता आणि शेवटी परतावा 98.91 वर थांबतो. तक्त्याचा भाव असा बदलतात की बघणाऱ्याला उदारपणा वाटावा. या कामातली ही सगळ्यात देखणी कात्री.

याचा एक भाऊ आहे ज्यात पाच सारख्यांना 16 आणि स्ट्रेट फ्लशला 10 मिळतात, बाकी तुमच्यासारखाच. तो 99.73 देतो. दिसला तर सोडू नका.

इथेही पद्धत तक्त्यामागे फिरते. हातात दोन जोड्या आहेत, दुर्री नाही. फुल पेमध्ये फुल हाऊसला 3 असतात. उरलेल्या 47 पैकी 8 पानं (चार दुर्र्या आणि जोड्यांची चार पानं) फुल हाऊस करतात, म्हणजे सरासरी 0.51. एकच जोडी ठेवून तीन पानं बदलली तर सुमारे 0.56. म्हणून एक जोडी फेकायची. तुमच्या तक्त्यात फुल हाऊसला 4, म्हणजे 0.68. दोन्ही जोड्या ठेवायच्या. जॅक्स खेळून आलेला माणूस कुठल्याही ड्यूसेसमध्ये दोन जोड्या सवयीने ठेवतो. कधी बरोबर ठरतो, कधी नाही, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

नाण्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला जरा जपून द्यावं लागेल, कारण ‘नेहमी पाच लावा’ हा प्रसिद्ध सल्ला अर्धाच खरा आहे. एक ते चार नाण्यांपर्यंत रॉयल फ्लशला नाण्यामागे 250 मिळतात, पाचव्या नाण्याला तो 800 होतो. नऊ-सहा जॅक्सवर एकच नाणं लावलंत तर परतावा 99.54 वरून सुमारे 98.4 वर येतो. टक्क्यांत तोटा मोठा. पण डॉलरमध्ये? 25 सेंटचं एक नाणं, 600 हात, 150 डॉलर फिरले, तोटा अडीच डॉलरच्या आत. पाच नाण्यांचा साडेतीनच्या आत होता. म्हणजे खिशातून जाणारे पैसे एका नाण्याने खरंच थोडे कमी होतात. तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मात्र रॉयल आला की हजार डॉलरऐवजी साडेबासष्ट मिळतील, आणि ते दुःख मी शेजारच्या खुर्चीवर पाहिलेलं आहे. परवडत नसेल तर नाण्यांची संख्या कमी करण्यापेक्षा नाणंच लहान करा: 5 सेंटची पाच नाणी. अडचण एवढीच की लहान नाण्याच्या यंत्रांवर तक्ते बहुतेक वेळा आखडलेले असतात. एकाच यंत्रात नाण्याची किंमत बदलली की तक्ता गुपचूप बदलतो, असंही असतं. नाणं बदललंत की तक्ता पुन्हा वाचा.

रॉयलबद्दल एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. 40,400 हातांतून एकदा म्हणजे 40,400 हात झाले की येणारच, असं नाही. एवढे हात खेळूनही न येण्याची शक्यता 37 टक्के आहे. दुप्पट खेळूनही साडेतेरा टक्के लोक कोरडे राहतात. यंत्राला आठवण नसते, त्यामुळे ‘बरेच दिवस दिला नाही, आता देईल’ याला काही अर्थ नाही.

दोन-तीन किरकोळ गोष्टी. वर मोठा आकडा वाढत जाणारी प्रोग्रेसिव्ह यंत्रं असतात. त्यात आठ-पाच जॅक्सचा रॉयल नेहमीच्या दुपटीहून वर गेला तरच तो कागदावर फायद्यात येतो, तोवर नाही. एकाच वेळी तीन, दहा किंवा पन्नास हात खेळवणाऱ्या यंत्रांत तक्ता तोच असेल तर परतावाही तोच, फक्त पैज तितक्या पट होते. आणि एक खरी सावधगिरी: अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींच्या कॅसिनोंत ‘क्लास टू’ प्रकारची यंत्रं असतात. पडद्यावर पत्ते दिसतात, पण निकाल आत चाललेल्या बिंगोवर ठरतो. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं बिंगो कार्ड दिसलं तर वरचं सगळं गणित विसरा, तिथला तक्ता खेळाचा भाव सांगत नाही.

आता तुमचे चार तक्ते. जॅक्स आठ-पाच: 97.30. बोनस पोकर सात-पाच: 98.01. डबल डबल बोनस आठ-पाच: 96.79. ड्यूसेस, वर सांगितलेला: 98.91. चार एक्क्यांना 400 देणारा खेळ चौघांत सगळ्यात महाग निघाला. सगळ्यात स्वस्त ड्यूसेस, पण त्याची पद्धत जॅक्सच्या सवयीशी भांडते. ती न शिकता बसलात तर तो एक टक्का चुकांतच जाईल. तेव्हा परत त्याच यंत्रावर गेलात आणि तयारी केलेली नसेल, तर बोनस पोकर खेळा. तिथे जॅक्सची पद्धत जवळजवळ तशीच चालते: वरची जोडी हातात असेल तर चार पानांच्या फ्लशमागे धावायचं नाही, लहान जोडी असेल तर धावायचं, रॉयलची चार पानं असतील तर तयार फ्लशही मोडायचा, आणि जोडीसोबत ‘असू दे’ म्हणून एक मोठं पान उगाच धरायचं नाही.

ड्यूसेसची पद्धत मी वेगळी लिहून देईन. ती हातात किती दुर्र्या आहेत त्यावरून लावावी लागते, चार दुर्र्यांपासून खाली शून्यापर्यंत, आणि शून्याचा भाग सगळ्यात लांब आहे.